नेट नेमकं अडतं कुठे?

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या गल्लीत किंवा डोंबिवलीत फडके रोडच्या मागे उभं राहून वर पाहिलं, की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेल्या काळ्या तारांचं जाळं दिसतं. त्यात टीव्हीची केबल असते, कुणाच्या तरी बंद पडलेल्या टेलिफोनची तार असते आणि अलीकडचं बारीक फायबरही असतं. संध्याकाळी घरात व्हिडिओ अडकला, की संशय आधी या जाळ्यावर जातो आणि केबलवाल्याला फोन लागतो. पण पुष्कळदा तारेतून नेट व्यवस्थित येत असतं आणि ते अडतं राउटरपासून आतल्या खोलीपर्यंतच्या चार पावलांत.

पूर्वी असं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. २००५मध्ये ब्रॉडबँड आलं, तेही त्याच तारेवर. ठाणे शहर एमटीएनएलच्या हद्दीत होतं, तर कल्याण-डोंबिवली बीएसएनएलच्या. घर टेलिफोन एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका वेग कमी, आणि पावसाळ्यात तारेच्या जोडात पाणी शिरलं की नेट गेलंच. सरकारच्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०२३मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली आणि आज मध्यमवर्गीय घरात १०० एमबीपीएसचं फायबर सर्रास दिसतं. तार सुधारली, तशी दुखण्याची जागा सरकून घरात आली.

म्हणून तपासणीही घरापासूनच सुरू करावी. त्याआधी एक हिशेब पक्का हवा. प्लॅनमधले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे फाइल उतरताना सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट दिसले, तर वेग पूर्ण मिळतो आहे.

आता लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा, त्याचं वायफाय बंद करायचं, घरातल्या बाकीच्यांना दोन मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगायचं आणि वेग मोजायचा. वेग मोजणारं कुठलंही साधन चालेल. मग केबल काढून वायफायवर, नेहमीच्या जागी बसून तीच चाचणी करायची. तारेवर ९५ आणि वायफायवर १५ आले, तर केबलवाल्याला बोलावून काही उपयोग नाही. तारेवरही १५च आले, तर मात्र त्याला बोलवायलाच हवं.

वायफायचं दुखणं दाट वस्तीत जास्त जाणवतं. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट, वर-खाली तितकेच आणि समोरची विंग हाताच्या अंतरावर. एवढे सगळे राउटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आणि वेगही जास्त, पण भिंती त्याला सोसत नाहीत. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या जाड भिंती असोत की घोडबंदर रोडवरच्या टॉवरचं काँक्रीट, दोन भिंतींपलीकडे तो लंगडतो. त्यातून राउटर बहुतेक घरांत दाराजवळ, टीव्हीच्या कपाटात कोंबलेला असतो, कारण तार तिथून आत येते. तो कपाटाबाहेर, घराच्या मध्याकडे आणि उंचावर ठेवला, तरी फरक पडतो. लांबच्या खोलीसाठी लॅन केबल ओढून दुसरा राउटर बसवणं सर्वांत खात्रीचं. स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

लॅन केबलही तपासावी. तिच्या पारदर्शक प्लगमध्ये आठ रंगीत तारा दिसतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चार पुरतात, पण १००० साठी आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एखादी दाराच्या फटीत चेपून तुटली, तर नेट बंद पडत नाही, फक्त मुकाट्याने १००वर उतरतं. ३०० एमबीपीएसचे पैसे भरणाऱ्याला ९५च्या आसपासच आकडा मिळत राहिला, तर आधी केबल पाहावी, मग राउटरचा पोर्ट. स्वस्त राउटरचे पोर्ट मुळातच १००चे असतात.

ऑफिसची मीटिंग तुटते, पण वेग पूर्ण दिसतो, असंही होतं. त्या वेळी कुणाच्या तरी फोनवरचे फोटो क्लाउडवर चढत असतात. वर जाणारा मार्ग भरला की आवाजाचे छोटे तुकडे रांगेत अडकतात. बॅकअप रात्रीवर टाकला, की बैठक सुरळीत चालते.

फायबरमधल्या दोषाची खूण म्हणजे फायबरच्या डब्यावरचा ‘एलओएस’चा लाल दिवा. प्रकाशच येत नाही, असा त्याचा अर्थ. फायबर काचेचं असतं. कपाटामागे काटकोनात दुमडलं की प्रकाश तिथेच गळतो. तंत्रज्ञ मीटर लावून प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतो. आकडा उणे २० असेल तर ठीक, उणे २७च्या पलीकडे गेला तर जोड नेटका करायला सांगावं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो.

लाल दिवा लागलेला नसूनही फक्त रात्री आठ ते अकरा वेग पडत असेल, तर वाटेकरी खूप झाले आहेत. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ जीबीपीएस एका फायबरवरून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात आणि पुढची लाइनही कंपनीने अपुरी घेतलेली असू शकते. महिनाअखेरीस वेग एकदम कोसळला, तर ‘अनलिमिटेड’ प्लॅनची डेटामर्यादा पाहावी. अनेक प्लॅनमध्ये ती ३३०० जीबी असते.

कधी दोष हजारो किलोमीटर दूर असतो. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारतातही नेट मंदावलं. वेगचाचणी बहुधा जवळचा सर्व्हर निवडते. त्यामुळे अशा दिवशी आकडा उत्तम आणि परदेशी साइट मात्र रखडलेल्या, असं दिसतं. तेव्हा घरातला राउटर बदलून काही साधत नाही.

घरून काम करणाऱ्याची नोकरी आणि मुलांचा अभ्यास आज याच तारेवर चालतो. म्हणून तक्रार नुसती ‘नेट स्लो आहे’ अशी करू नये. तारीख, वेळ, तारेवर मोजलेला वेग आणि दिव्याचा रंग सांगावा, चाचणीचे फोटो जपावेत आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. ठरलेल्या मुदतीत दाद मिळाली नाही, तर दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो आणि त्यासाठी शुल्क नाही.