संत्रे उतरावे केव्हा?

आंबा पाडाला लागला की आपण उतरवतो, अढीत घालतो. तो घरात पिकतो. हाच हिशेब संत्र्याला लावला की फसगत झालीच म्हणून समजा. संत्रे झाडावरच पिकते. देठ तुटला की फळात नवी साखर येत नाही. कोवळे फळ तणसात कितीही दिवस ठेवा, साल पिवळी पडेल. गोडी वाढायची नाही.

मग रंग पाहून उतरावे काय? रंगही फसवा आहे. सालीचा हिरवेपणा जायला रात्री थंड व्हाव्या लागतात. म्हणून आंबिया बहाराचे फळ आतून तयार असूनही बाहेरून हिरवट दिसू शकते.

तेव्हा खरी परीक्षा जिभेची. बागेच्या चारही बाजूंची, उन्हातली नि सावलीतली दहाबारा फळे घ्या. प्रत्येकाची एक फोड चाखा. नुसती गोडी नव्हे, गोडी आणि आंबटपणा यांचा मेळ पाहा. दात आंबले तर थांबा. प्रयोगशाळेतही रसातल्या साखरेचे आणि आम्लाचे प्रमाणच मोजतात.

फार थांबणेही बरे नव्हे. साल फोडींपासून सुटून पोकळ लागली, की रस आटू लागला म्हणून समजावे.

चढा भाव पाहून घाई करावीशी वाटेल. पण 2014 साली नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या चवीच्याच नावावर. पहिल्याच फोडीने तोंड वाकडे झालेले गिऱ्हाईक पुन्हा संत्री मागेल काय?