कोंडलेल्या वाफेचा परिणाम
खत म्हणून वापरले जाणारे अमोनियम नायट्रेट सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळते आणि अधिक तापवल्यास त्याच्या विघटनाला दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेने ते अमोनिया व नायट्रिक आम्ल यांच्या वाफांत विभागले जाते; ही क्रिया उष्णता शोषून घेते, म्हणून उघड्या बशीतला क्षार पांढरा धूर सोडत स्वतःचे तापमान बऱ्याच अंशी आवरतो. दुसऱ्या वाटेने नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होऊन उष्णता बाहेर पडते. पहिली क्रिया व्युत्क्रमी, म्हणजे उलट दिशेनेही घडणारी असल्यामुळे, दाब वाढला की वाफा पुन्हा द्रवात मिसळतात, थंडाव्याची वाट रोखली जाते आणि उष्णता साचून विघटनाचा वेग झपाट्याने चढतो. म्हणूनच उघड्या पात्रात मोजलेला वेग बंद साठ्याला लावणे धोक्याचे ठरते.

१६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ जहाजावरील या खताला आग लागली, तेव्हा पाण्याने माल खराब होऊ नये म्हणून तळघराची झाकणे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. आग विझवण्याच्या या उपायाने उष्णता आणि दाब दोन्ही कोंडले गेले, आणि सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी जहाजाचा स्फोट झाला.