बुद्ध वाचायला आवडतो, पण बोलायचं कुणाशी? मित्र कदाचित गावातच सापडतील

समजा, खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजामधला एक पोरगा आहे. रात्री मोबाईल चाळताना त्याला बुद्धाच्या विचारांवरचा एक व्हिडिओ दिसतो. आवडतो. मग दुसरा, तिसरा. महिनाभरात डोक्यात प्रश्नच प्रश्न. ध्यान नेमकं कसं करायचं? बुद्ध आत्मा मानत नव्हते, मग पुनर्जन्म कुणाचा? तो व्हिडिओ स्टेटसला ठेवतो, चार-पाच हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय संपतो.

गंमत बघा. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते. त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. बुलढाणा जिल्ह्यात तर साधारण सात माणसांमागे एक बौद्ध. म्हणजे माणसं आहेत, भेट होत नाही.

मैत्री एवढी महत्त्वाची का?

धम्माच्या वाटेवर सोबत करणाऱ्या मित्राला 'कल्याणमित्र' म्हणतात. संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. आनंद बुद्धांना म्हणतो की, चांगली मैत्री म्हणजे या वाटेचा अर्धा भाग. बुद्ध त्याला थांबवतात. अर्धा नाही, सगळी वाटच मैत्रीवर उभी आहे, असं सांगतात.

मेघिय नावाच्या भिक्खूची गोष्टही अशीच. त्याला आमराईत एकट्याने ध्यान करायचं होतं. दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, असं बुद्ध म्हणाले. तो ऐकेना. गेला, बसला आणि मनात वाईट विचारांनी गर्दी केली. परत आल्यावर बुद्धांनी त्याला मन पिकायला लागणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यात पहिली कल्याणमित्र.

सिगालोवाद सुत्तात तर मित्र ओळखायचा कसा, तेही सांगितलंय. नुसतं घेणारा, नुसतं बोलणारा, तोंडावर स्तुती करणारा आणि व्यसनात साथ देणारा, हे चौघे मित्र नव्हेत.

मग अडतं कुठे?

अडतं ते गल्लीच्या कोपऱ्यावर. बहुतेक गावांत विहार बौद्ध वस्तीत असतो. गावातली बाकीची माणसं 14 एप्रिलची मिरवणूक बघतात, पण एरवी विहाराची पायरी चढत नाहीत. घरात बुद्धाची मूर्ती असते, ध्यानाचं ॲप असतं, पण विहारात वंदना किती वाजता होते, ते माहीत नसतं.

विहारातल्या माणसांसाठी धम्म हा छंद नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो माणसांनी त्यांच्यासोबत धर्म बदलला. त्याची किंमतही मोजली. केंद्राच्या यादीत बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला 1990 उजाडलं. त्यामुळे 'मला बुद्ध आवडतात, पण बाबासाहेबांचं राजकारण नको' असं म्हणत कुणी आलं, तर मैत्री दारातच संपते.

उलट बाजूही आहे. नवा माणूस आला की आधी त्याचं आडनाव विचारलं जातं. अनुभवातून आलेला तो संशय असतो, पण खऱ्या मनाने आलेला माणूसही त्याने बिचकतो.

ही भिंत ओलांडता येते का?

येते. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी जन्माने सारस्वत ब्राह्मण. बुद्धाबद्दल विचारायला जवळ कुणी नाही, म्हणून 1899 मध्ये त्यांनी घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत ते श्रीलंकेत पोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे 1930 च्या दशकात त्यांनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला.

आज एवढं फिरावं लागत नाही.

सगळ्यात सोपी वाट वर्षावासाची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने अनेक विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर आला. पुनर्जन्माचा जो प्रश्न त्या पोराला पडलाय, तो बाबासाहेबांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच मांडलाय.

दुसरी वाट विपश्यनेची. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांवर दहा दिवसांचं शिबिर असतं. त्यात मौन पाळावं लागतं, पण दहाव्या दिवशी ते सुटतं आणि ओळखी तिथेच होतात. नंतर जुने साधक ठिकठिकाणी एकत्र बसून साधना करतात.

तिसरी वाट त्रिरत्न बौद्ध महासंघाची. तिथे 'धम्ममित्र' होणं हा एक रीतसर टप्पाच आहे. संस्थापक संघरक्षित हे इंग्रज. 1956 मध्ये बाबासाहेबांना दीक्षा देणाऱ्या भदंत चंद्रमणी यांनीच त्यांना 1949 मध्ये कुशीनगरला श्रामणेर दीक्षा दिली होती.

पहिल्या दिवशी फार काही करायचं नसतं. चप्पल बाहेर काढायची, मागे बसायचं, वंदना येत नसेल तर ऐकायची. वाचन संपल्यावर एक प्रश्न विचारायचा. आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. विहारात रोज येणाऱ्यांनीही नव्या माणसाला आडनावाआधी 'आजचं वाचन कसं वाटलं?' एवढं विचारलं, तरी बोलणं सुरू होतं.