बहुमताचा अंश आणि छेद

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळावरील विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनी फेटाळला गेला. वाजपेयी त्या वेळी लखनौचे प्रतिनिधी होते. १७ डिसेंबर २०२४ रोजी त्याच सभागृहात एकत्रित निवडणुकांसंबंधीचे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले, तेही २६९ मतांनीच. विरोधात १९८ मते होती. विधेयक मांडण्यास साधे बहुमत पुरते. त्याच ४६७ मतांत ते संमत करावयाचे असते, तर किमान ३१२ मते लागली असती.

लखनौच्याच मानक नगरात रेल्वेची मानके ठरविणारी संघटना आहे. रुळांचे माप आधी ठरते, गाडी मागाहून धावते. संविधानानेही मते मोजण्यापूर्वी प्रत्येक निर्णयाचे माप बांधून दिले आहे. पाठ्यपुस्तके बहुमताच्या प्रकारांची नावे देतात. परंतु खरा भेद छेदस्थानी कोणती संख्या धरावयाची, यात आहे.

अनुच्छेद १०० अन्वये सामान्यतः उपस्थित राहून मतदान करणारे सदस्यच मोजले जातात. लोकसभाध्यक्षांना पदावरून दूर करण्यासाठी मात्र सभागृहाच्या तत्कालीन सर्व सदस्यांचे बहुमत हवे. रिक्त जागा तेवढ्या वगळल्या जातात. ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्ध डिसेंबर १९५४ मध्ये आलेला असा ठराव नामंजूर झाला. राष्ट्रपतींवरील महाभियोगासाठी तर एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांची अट आहे.

घटनादुरुस्तीस दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात : एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश. १९७० साली संस्थानिकांचे तनखे रद्द करणाऱ्या विधेयकास राज्यसभेत १४९ मते अनुकूल, ७५ प्रतिकूल पडली. २२४ चे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. एवढ्या अपूर्णांकावर विधेयक बुडाले. तनखे पुढे १९७१ च्या दुरुस्तीने गेले.

तटस्थतेचे मोल याच दोन अटींमुळे पालटते. दुसऱ्या अटीपुरता तटस्थ सदस्य छेदातून गळतो, म्हणजे जणू नसतोच. पहिल्या अटीत मात्र त्याचे मौन विरोधी मताइतकेच भरते. न्यायाधीशांना दूर करण्याच्या प्रस्तावासही अनुच्छेद १२४ ने ह्याच दोन अटी घातल्या आहेत. मे १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या प्रस्तावास लोकसभेत १९६ मते मिळाली, विरोधात एकही नाही. काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिले. दोन-तृतीयांशाची अट शंभर टक्क्यांनी पुरी झाली. ५४५ सदस्यांच्या सभागृहात बहुमतास २७३ मते हवी होती. प्रस्ताव फेटाळला गेला.