टनभर रबर आणि एक डबा

आइस हॉकीत चेंडू नसतो, जाड रबराची चकती असते. वजन साधारण १७० ग्रॅम, आपल्या क्रिकेटच्या चेंडूहून किंचित जास्त. आता कॅनडाच्या रे बोर्कने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या साखळी सामन्यांत गोलच्या रोखाने किती अचूक फटके हाणले ते ऐका: ६,२०६! करा गुणाकार. एक टनाहून जास्त रबर! क्विंटलची दहा पोती गच्च भरा, वर अर्धं पोतं उरेलच. आणि चकतीची जाडी एक इंच. म्हणजे सगळ्या एकावर एक रचल्या तर ५१७ फूट! पन्नास फुटी दहा विहिरी एकीखाली एक खणल्या, तरी ही चवड काठावरून डोकं बाहेर काढेल.

आणि गडी कोण? बचावपटू! गोल अडवणं हे त्याचं काम. तरी गोल केले ४१०, दुसऱ्यांच्या गोलांना हातभार लावला १,१६९ वेळा. बेरीज १,५७९, आणि साखळी सामने १,६१२. जवळजवळ दर सामन्याला एक! गोल, हातभार आणि बेरीज, या तिन्ही आकड्यांपर्यंत एनएचएलचा दुसरा एकही बचावपटू आजवर पोचलेला नाही.

पळापळीचं काय? सामन्याला पाचच किलोमीटर धरू. अंदाज माझा आहे, पटत नसेल तर घासाघीस करा. साखळीचे १,६१२ आणि बाद फेरीचे २१४ मिळून सामने १,८२६. अंतर नऊ हजार किलोमीटरच्या वर! डेक्कन क्वीनने मुंबई-पुणे सत्तेचाळीस खेपा. गाडीला निदान रूळ तरी असतात. हा जेमतेम तीन मिलिमीटर जाड पात्यांवर, समोरून धडका खात!

पण १,८२६ या आकड्यापाशी जरा थांबा. रोज एक सामना, दिवाळी नाही, गणपती नाही, एकही खाडा नाही, असं खेळलं तर किती दिवस लागतील? बरोबर पाच वर्षं, आणि लीप वर्षाचा एक दिवससुद्धा त्यात बसतो!

एवढं खेळून एनएचएलच्या विजेत्याला मिळणारे स्टॅन्ले चषक किती? १९७९ साली हा माँट्रियलचा पोरगा बॉस्टन ब्रुइन्समध्ये आला. १९८८ ला अंतिम फेरी, एडमंटनकडून हार. १९९० ला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा एडमंटन, पुन्हा हार. वीस हंगाम सरले, एकविसावा सरत आला, पाटी कोरीच. मार्च २००० मध्ये बॉस्टन सोडून तो डेन्व्हरच्या कोलोरॅडो संघात गेला. बाविसावा हंगाम. वय चाळीस. ९ जून २००१, अंतिम फेरीत न्यू जर्सीविरुद्ध सातवा, निर्णायक सामना: ३-१! कर्णधार जो सॅकिकच्या हातात चषक आला. रिवाज असा की कर्णधाराने तो आधी स्वतः उंचावायचा. सॅकिकने तो तसाच बोर्कच्या हातात दिला. वजन साडेपंधरा किलो, आपला तेलाचा डबाच म्हणा ना! बोर्कने तो डोक्यावर धरला.

हा होता १,८२६वा सामना. १,८२७वा तो खेळलाच नाही.