कार्ड आहे, मग दाताचे पैसे का?

आयुष्मान कार्ड काढलं की दातांचं सगळं फुकट, अशा समजुतीने कित्येक जण खासगी दंतवैद्याकडे जातात आणि रूट कॅनॉलचा खर्च ऐकून दाढ धरून घरी परततात. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. जबड्याचं हाड मोडलं, तोंडाचा कॅन्सर झाला, तर ते कामी येतं. किडलेली दाढ भरणं, कवळी बसवणं ही ओपीडीतली कामं. धोरणातली ही उणीव मला फार खुपते. दाढ ठणकते म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईची दाढ वेळेवर भरायला कार्ड चालत नाही. मशेरीने गालात कॅन्सर झाला, की मात्र चालतं.

पण कार्ड चालत नाही म्हणजे हक्कच नाही, हा त्याहून घातक गैरसमज. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयांत दंतविभाग असतो.

‘सरकारी दवाखान्यात नुसते दात उपटतात’ हेही अर्धसत्य. लहान ठिकाणी साधनं अपुरी असतात, हे खरंच. मात्र मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत रूट कॅनॉलपासून कवळीपर्यंत सारं होतं. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे शुल्क पडू शकतं, पण खासगीच्या मानाने बरंच कमी. विद्यार्थी हात साफ करून घेतात, ही भीती नको. त्यांचं काम अध्यापकांच्या देखरेखीखाली चालतं. फेऱ्या जास्त होतात, रोजंदारी बुडते. ही अडचण खरी आहे आणि तिची दखल कोणतीच योजना घेत नाही.

दुधाचे दात पडणारच, म्हणून मुलांची कीड अंगावर काढली जाते. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते. तीत दातांचे आजार धरलेले आहेत आणि पुढचे उपचारही मोफत आहेत. पथक येईल तेव्हा मुलाची दाढ आवर्जून दाखवा. ‘इथे फक्त दात काढतो’ असं कुठे सांगितलं, तर दात काढून घेण्याआधी मोठ्या रुग्णालयासाठी संदर्भ चिठ्ठी मागा.