‘सर्व’ आणि ‘निदान एक’: तर्काची चिन्हे व मताची पडताळणी

‘सर्व’ आणि ‘निदान एक’ हे शब्द रोजच्या बोलण्यात सहज येऊन जात असले, तरी तर्कशास्त्रात त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे; कारण ‘निदान एक आहे’ हे सिद्ध करायला एक उदाहरण पुरते, तर ‘सर्व तसेच आहेत’ हे सिद्ध करण्यासाठी एकही न वगळता सगळे तपासावे लागतात. विधान खोडायचे असेल, तर हे ओझे उलट बाजूवर जाते. मतदान सुरक्षित आहे का, या प्रश्नाची उकल बऱ्याच अंशी याच भेदावर अवलंबून असते.

अशी विधाने चिन्हांत मांडण्याची पद्धत जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये दिली. पुढे ‘निदान एक’साठी रोमन ‘ई’ हे अक्षर फिरवून केलेले चिन्ह इटलीच्या ज्युसेप्पे पेआनो यांनी वापरात आणले, आणि ‘सर्व’साठी उलटे ‘ए’ हे चिन्ह गेरहार्ड गेंट्झेन यांनी १९३५ मध्ये योजले. ही दोन चिन्हे नकाराने जोडलेली आहेत: ‘तसे नसलेले एकही नाही’ असे म्हणणे आणि ‘सर्व तसेच आहेत’ असे म्हणणे, यांचा अर्थ एकच होतो.

हा नियम हिंगोली जिल्ह्याला अपरिचित नाही. नर्सी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते त्या संत नामदेवांना विसोबा खेचर औंढा नागनाथच्या मंदिरात पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसले, आणि पाय काढण्यास सांगताच ‘जिथे देव नाही अशा जागी ते ठेव’ असे उत्तर मिळाले, अशी परंपरागत कथा आहे. येथे विसोबा ‘देव सर्वत्र आहे’ असे थेट सांगत नाहीत; ते अपवादाची एक जागा मागतात, आणि ती सापडत नाही यातूनच ‘सर्वत्र’ सिद्ध होते.

मतयंत्राबाबत मात्र प्रत्येक जागा शोधणे इतके सोपे नसते. हिंगोली लोकसभा मतदारसंघात २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा ३३ उमेदवार आणि ‘नोटा’ मिळून ३४ पर्याय होते. एका बॅलट युनिटवर १६ बटणे असल्याने प्रत्येक केंद्रावर तीन युनिटे जोडावी लागली. योगायोग असा, की प्रत्येक मताची छापील चिठ्ठी काढणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी फेटाळली. त्यामुळे प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडण्याची २०१९ पासूनची पद्धत कायम राहिली, आणि सहा विधानसभा क्षेत्रांच्या या मतदारसंघात अशी ३० केंद्रे येतात. दर दहा केंद्रांमागे एकात गडबड आहे असे समजल्यास, सोडतीने निवडलेल्या ३० केंद्रांतून ती पूर्णपणे निसटण्याची शक्यता शंभरात सुमारे चार इतकीच उरते. परंतु गडबड एकाच केंद्रात असेल, तर ती निसटण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणजे नमुना मोठी गडबड उघड करू शकतो, पण ‘एकही नाही’ हे सिद्ध करू शकत नाही.

अस्तित्वाचा दुसरा पेच मतदानाच्या गुप्ततेत आहे. मतदार नोंदवहीतील आकडा यंत्रातील एकूण मतांशी जुळवून प्रत्येक मतामागे कोणीतरी मतदार आहे हे ताडता येते, पण तो कोण हे कोणालाही कळता कामा नये. म्हणजे ‘आहे’ हे ठरवायचे, मात्र ‘हाच तो’ असे बोट दाखवायचे नाही. काचेआड सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर भलतेच चिन्ह आले अशी तक्रार एखाद्या मतदाराने केली, तर नियमानुसार त्याच्याकडून लेखी निवेदन घेऊन प्रतिनिधींसमक्ष चाचणी मत टाकून पाहिले जाते आणि निवेदन खोटे ठरल्यास त्याला शिक्षा होऊ शकते. तर्काच्या दृष्टीने पाहता तक्रार एका मताविषयी असते, तर चाचणी दुसऱ्याच मताची होते. पहिले मत उघडता येत नाही, कारण ते गुप्त आहे. आणि जी गुप्तता मतदाराला दडपणापासून वाचवते, तीच त्याच्या हातून त्याचा एकमेव पुरावाही काढून घेते.